बावन्न पुस्तकं, बावन्न अध्याय

डिसेंबर संपत आला की सफाळ्याहून बोईसरला जाताना गाडीत आमच्या बाकावर एकच विषय निघतो: येत्या वर्षात किती पुस्तकं? कुणी २४ सांगतो, कुणी ५२. आठवड्याला एक, म्हणून ५२. गुडरीड्सवर २०११ पासून वर्षाचा आकडा आधी जाहीर करायची सोय आहे, आणि ती पद्धत आता ते संकेतस्थळ कधी न उघडणाऱ्यांपर्यंतही पोचली आहे. २०२५ च्या जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात राज्यभर ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा उपक्रम झाला. संकल्प हा शब्द मला मनापासून आवडतो. पण वाचनाचा संकल्प म्हणजे पुस्तकांचा आकडाच, हे जे गृहीत धरलं जातं, ते चुकीचं आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. आकडा ठरवला नाही तर वर्ष बघता बघता निघून जातं. रोज २० पानं वाचली तर वर्षाची ७,३०० पानं होतात, म्हणजे २०० पानांची ३६ पुस्तकं. एरवी हाच वेळ मोबाइल खातो. मोजलं की शिस्त येते, शिस्तीनं सवय लागते, गोडी मागाहून येते. शिवाय मोजणी आपल्याकडे परकी नाही. गुरुचरित्राचा सप्ताह सात दिवसांतच पुरा करायचा असतो.

हा शेवटचा मुद्दा पूर्वपक्षावरच उलटतो. गुरुचरित्राचे अध्यायही ५२. माझे आजोबा दत्तजयंतीआधी सप्ताह करायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच पोथी उघडायचे. तिथं दिवस मोजलेले असत, पोथ्या नव्हेत. आजच्या हिशेबानं त्यांचं आयुष्यभराचं वाचन एक पुस्तक भरेल. पण घरात कुणी अडचणीत सापडलं की चौदावा अध्याय काढताना त्यांना पान शोधावं लागत नसे. पारायणात शिस्त आहे, वेळेचं बंधनही आहे. नाही ती फक्त नव्या नव्या नावांची भर.

सवयीचा मुद्दाही तपासून पाहू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास अनेकदा सांगितला जातो. नवी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, असा त्याचा निष्कर्ष. आकडाप्रेमी तेवढाच उचलतात. पण त्या अभ्यासातल्या माणसांनी निवडलेली गोष्ट रोज एका ठरावीक प्रसंगाला जोडून केली होती, उदाहरणार्थ सकाळच्या नाश्त्यानंतर. म्हणजे सवय जडते ती वेळेला आणि जागेला. वर्षअखेरच्या बेरजेला ती जडत नाही. बेरजेनं सवय लागतेच, पण पुस्तक संपवण्याची.

आणि संपणं म्हणजे काय, हे मला माझ्या नोकरीनं शिकवलं. मी तारापूर एमआयडीसीत क्यूसीमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणीत आहे. रिअ‍ॅक्टरमधल्या बॅचला कागदावर तास नेमून दिलेले असतात, समजा आठ. पण आठ तास झाले म्हणून कुणी बॅच उतरवत नाही. प्लांटमधून छोट्या बाटलीत नमुना येतो. बारीक काचनळीनं त्याचा ठिपका मी टीएलसीच्या (थिन लेयर क्रोमॅटोग्राफीच्या) प्लेटवर ठेवतो. प्लेट द्रावकात उभी करतो, द्रावक वर चढू देतो, प्लेट वाळवतो आणि यूव्ही दिव्याखाली धरतो. कच्च्या मालाचा डाग अजून दिसत असेल तर घड्याळ काहीही सांगो, रिअ‍ॅक्शन पुरी झालेली नाही.

एका वर्षी मीही ५२ चा संकल्प केला होता. त्या वर्षी गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मी चार दिवसांत संपवलं. वहीत त्याचा क्रमांक १७. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं हे पुस्तक आमच्याच भागातल्या वारली उठावाचं आहे. पुढच्या वर्षी तलासरीकडे एका लग्नाला गेलो होतो. मांडवात शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी बोलता बोलता ‘लग्नगडी’ हा शब्द काढला आणि मी त्यांना त्याचा अर्थ विचारला. लग्नासाठी कर्ज काढलेला माणूस बायकोसकट सावकाराकडे राबत राहायचा, तो लग्नगडी. अख्ख्या पुस्तकाच्या मुळाशी असलेला शब्द मी १७ व्या क्रमांकाखाली गाडून टाकला होता. प्लेटवर डाग तसाच होता.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये पैशाच्या धोरणाबद्दल जे दाखवलं ते इथंही लागू पडतं: मापालाच उद्दिष्ट केलं की ते माप भरवशाचं राहत नाही. ५२ च्या धाकात माणूस पातळ पुस्तकं शोधतो, अवघड पान ओलांडतो, दुसऱ्यांदा वाचणं तर त्याला तोट्याचंच वाटतं.

मग ध्येयच नको, मन रमेल तसं वाचावं, असं दुसरी बाजू सांगते. ज्याला दिवसभर मोकळीक आहे त्याला ते जमेल. सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला घरी येणाऱ्याचं मन आधी मोबाइलकडेच जातं. त्याला काहीतरी ठरवावंच लागतं.

काय ठरवावं, याचं उत्तर मला डहाणू तालुक्यातच सापडलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढं काम कोसबाडला नेलं. पाड्यावरची लहान मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. आज देशभर रूढ असलेल्या अंगणवाडी या शब्दामागे हे अंगण आहे. मोठी मुलं गुरं वळायला जायची, म्हणून शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. पटावर किती नावं भरायची, एवढाच प्रश्न त्यांनी धरला असता तर नावं भरली असती आणि मुलं कुरणातच राहिली असती. मूल दिवसभर कुठं असतं, हे त्यांनी आधी पाहिलं. वाचणाऱ्यानंही तेच पाहावं: आपला वेळ खरोखर कुठं असतो, आणि आपल्याला नेमकं काय जाणून घ्यायचं आहे. वेळ, जागा आणि एक प्रश्न. पुस्तकांची संख्या प्रश्न ठरवील.

माझी जागा गाडीतली खिडकी. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर. जेमतेम अर्धा तास. परुळेकरांचं पुस्तक मी तिथं दुसऱ्यांदा वाचलं. या वेळी तीन महिने लागले, कारण जिल्ह्याचा नकाशा मांडीवर ठेवून गावं शोधत होतो. मागच्या पानावर ऐकलेले शब्द लिहीत गेलो, त्यांत पहिला ‘लग्नगडी’.

या वर्षीच्या वहीत क्रमांकांचा रकाना नाही. पहिल्या पानावर एकच ओळ आहे: आमच्या जिल्ह्यात शाळा पाड्यापर्यंत कशी पोचली? तिच्याखाली अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’, आणि त्याखाली जानेवारीतल्या एका रविवारची तारीख. त्या दिवशी पुस्तक पिशवीत टाकून टेकडीवर जायचं आहे.