फिर्याद आईवर

जालन्याहून मंठ्यावरून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला जेथे सेलूची वाट फुटते, तो परभणी जिल्ह्यातील देवगाव फाटा. निजामी अंमलात वेडावरील इलाजाचे सरकारी मनोरुग्णालय याच रस्त्याच्या टोकाशी, जालन्यास होते; स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच ते हैदराबादेस एर्रागड्ड्याला हलले. परंतु जे मूल हाकेला वळत नाही, कोणाच्या नजरेला नजर देत नाही आणि तासन्‌तास एकच चाक फिरवीत बसते, त्याला त्या दप्तरात स्वतंत्र सदर असणार तरी कसे? बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेला वैद्यकात जागा दिली, ती 1943 मध्ये.

गावापाशी मात्र कारणांचा तुटवडा नव्हता. गर्भारपणी ग्रहण पाळले नाही, बाहेरची बाधा झाली, पूर्वजन्मीचे भोवले. सबब कोणतीही असो, फिर्याद बहुधा आईवरच गुदरली जाई. आणि नवल असे की, ज्या विद्येने हा अंधविश्वास दूर करावयाचा, तिच्याच नावाने शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी 1967 मध्ये, आईची माया आटल्यामुळे मूल स्वतःत मिटते, असा निवाडा ग्रंथरूपाने दिला. ग्रहण निदान आकाशात दिसत तरी असे!

या निवाड्याविरुद्ध कैफियत आधीच दाखल झाली होती. स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 मध्येच कारण मज्जासंस्थेत शोधावे, असे प्रतिपादन केले. पुढे 1977 मध्ये फोल्स्टाइन आणि रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या. एकबीज जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी चारांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती, द्विबीजांच्या दहांपैकी एकाही जोडीत नव्हती. 1985 मध्ये बाउमन व केम्पर यांनी एका मृत स्वमग्न तरुणाच्या मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले, तेव्हा लहान मेंदूतील पर्किंजे पेशी कमी आढळल्या. तथापि एकच जनुक वा मेंदूचा एकच भाग यास जबाबदार धरता येत नाही, हेही उत्तरोत्तर स्पष्ट होत गेले.

मेंदूची घडण गर्भातच वेगळी होते, हे ऐकून आईचे ओझे उतरते खरे. पण तेच वाक्य सोयऱ्यांच्या कानी ‘रक्तातच आहे’ असे पडते. 1995 च्या अपंग कायद्यात नसलेले स्वमग्नतेचे नाव 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि पुढे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आले, त्यामुळे आता सरकारी दाखलाही मिळतो. परंतु दाखला काढला म्हणजे गोष्ट चारचौघांत गेली, तेव्हा धाकट्या बहिणीचे लग्न जुळेपर्यंत तो काढू नये, असा ठराव कित्येक घरांत आजही होतो.