रेसिपीच्या वेबसाईटवरून एआयने फक्त साहित्य आणि कृती कशी काढायची?

सांबारवडीची रेसिपी शोधली की पान उघडतं, पण साहित्याची यादी काही लवकर सापडत नाही. आधी लांबलचक प्रस्तावना, मग आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, मध्येच पिठाच्या बोटाने चुकून दाबली जाणारी जाहिरात. कारण सरळ आहे. पान जितकं लांब, तितक्या जास्त जाहिराती बसतात आणि लिहिणाऱ्याची कमाई त्यावरच असते.

एआयला रेसिपी सापडते कशी?

चॅटजीपीटी किंवा जेमिनी पानातला मजकूर वाचून साहित्य आणि कृती वेगळी करतात. शिवाय बऱ्याच वेबसाईट्सच्या कोडमध्ये साहित्य, वेळ आणि पायऱ्या लेबल लावून ठेवलेल्या असतात. ही पद्धत म्हणजे स्कीमा डॉट ऑर्ग. गुगल, बिंग आणि याहूने ती 2011 मध्ये सुरू केली.

असं करा

1. आधी ब्राउझरचा रीडर मोड वापरून बघा. फायरफॉक्स आणि सफारीत तो आहे. अनेकदा तेवढ्यावरच भागतं.
2. एआयला नुसती लिंक देऊ नका, मजकूर कॉपी करून पेस्ट करा. लिंक उघडली नाही, तर एआय कधी कधी स्वतःच रेसिपी रचून देतं, आणि ती दिसते अगदी खरी.
3. सूचना अशी द्या: ‘खालच्या मजकुरातून साहित्य आणि कृती जशीच्या तशी काढ. मापं आणि शब्द बदलू नको. जे लिहिलेलं नाही, तिथे “दिलेलं नाही” असं लिही.’
4. मीठ, तिखट, सोडा आणि वेळ मूळ पानाशी ताडून बघा.

‘शब्द बदलू नको’ कशासाठी?

आमच्या कोहमाऱ्यातच काय, विदर्भात सगळीकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. एआयला सारांश किंवा भाषांतर करायला सांगितलं, तर त्याला ते इडलीसोबतचं सांबार वाटू शकतं. मग वडीच्या सारणात कोथिंबिरीऐवजी डाळ! तसंच वाटीचं. अमेरिकन कप साधारण 240 मिलिलिटरचा असतो, आपली वाटी बहुतेक घरांत त्याहून लहान. वाटीचा कप झाला की पाकाचं गणित बिघडलंच समजा.

लिहिणाऱ्याचं काय?

पान कोणी उघडलंच नाही, तर जाहिरातीचे पैसे थांबतात. झाडीपट्टीतले पदार्थ मराठीत लिहिणारे आधीच थोडे, तेही लिहिणं सोडतील. म्हणून पान आधी उघडा आणि काढलेल्या रेसिपीखाली मूळ लिंक ठेवा. ती स्वतःच्या स्वयंपाकासाठी वापरा. दुसऱ्याचा मजकूर आणि फोटो आपल्या नावाने टाकू नका, त्यावर 1957 च्या कॉपीराइट कायद्याने त्यांचा हक्क असतो. एआयसुद्धा शिकतं ते अशाच लिखाणातून. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे कोणीतरी लिहून ठेवलं तरच त्याला कळणार.