सरीसृपांची जिवंत वाहतूक

पाळलेला साप, सरडा किंवा कासव एका पालकाकडून दुसऱ्याकडे सुखरूप पोहोचवणे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात या कामी पेटीआधी कागद पाहावा लागतो.

नाग, घोणस, धामण, घोरपड, तारा कासव ही देशी जनावरे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार पाळता येत नाहीत, विकताही येत नाहीत. मग ती पाठवण्याचा प्रश्नच उरत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ही पाचही पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षे कैद आहे. गुप्तधनाच्या नादापायी वजनावर भाव ठरणारे मांडूळही संरक्षितच. पकडलेला साप सर्पमित्र कापडी पिशवीत घालून जवळच्या अधिवासात सोडतो. त्या कामाचा या व्यवहाराशी संबंध नाही.

कायद्याच्या चौकटीत उरतात ते परदेशी प्राणी: पश्चिम व मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन, मध्य व दक्षिण अमेरिकेतला हिरवा इग्वाना. आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ करारातील अशा जाती चौथ्या अनुसूचीत येतात. २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते आणि प्राणी दुसऱ्याच्या हाती गेला की तेही कळवावे लागते. ही नोंद नसलेला प्राणी कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

सरीसृपाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेवर ठरते. बंद खोक्यात त्याला ना ऊन गाठता येते ना सावली. म्हणून सापाला निघण्यापूर्वी पाच-सात दिवस खाद्य देत नाहीत. पोट भरलेले असेल तर ऊब न मिळाल्याने खाल्लेले पचत नाही आणि तो वाटेत ते ओकू शकतो. त्याला शिवण आतून न उसवलेल्या सुती पिशवीत घालून तोंड घट्ट बांधतात. पिशवी थर्माकोलचे अस्तर असलेल्या, हवेची छिद्रे पाडलेल्या खोक्यात ठेवतात आणि मोकळ्या जागेत चुरगळलेला कागद भरतात. एका पिशवीत एकच प्राणी. पाणकासवाला पाण्यात ठेवून नेणे ही हमखास होणारी चूक: हिंदकळत्या भांड्यात ते दमते, प्रसंगी बुडतेही. ओलसर फडक्यावर ते प्रवास नीट सोसते.

पुस्तकांत थंडीसाठी उष्णता देणाऱ्या पुड्यांची शिफारस असते. नगरच्या डिसेंबरातल्या पहाटे ती योग्यच. पण इथे खरा धोका उन्हाचा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. दुपारी उभ्या केलेल्या मोटारीत किंवा एसटीच्या टपावर खोक्याची भट्टी व्हायला वेळ लागत नाही. १७,०४८ चौ. किमी. क्षेत्रफळाचा हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. अकोले तालुक्यातून जामखेडला जायचे तर प्रवास कित्येक तासांचा. तेव्हा रात्री किंवा पहाटे, स्वतःच्या गाडीतून, हातोहात पोहोचवणे हीच सर्वांत भरवशाची रीत. पार्सल म्हणून बसवाहकाच्या हवाली करणे टाळावे. काकडी येथे शिर्डीचा विमानतळ २०१७ पासून आहे. मात्र विमानाने पाठवायचे तर कंपनीची आगाऊ संमती आणि ‘आयाटा’ या आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या नियमांप्रमाणे पेटी, दोन्ही हवे. अमेरिकेची टपालसेवा २० इंचांपर्यंतचे ॲलिगेटरचे पिल्लू स्वीकारते, साप मात्र नाही. तो उदारपणा आपल्याकडे गृहीत धरू नये.

पोहोचल्यावर प्राण्याला पाणी द्यावे आणि शांत, कोमट जागी ठेवावे. काही दिवस हाताळू नये, लगेच भरवूही नये. कंटाळा आला म्हणून लाल कानाचे अमेरिकी कासव गावतळ्यात सोडणे हा स्थानिक कासवांवर घाला आहे. बेकायदा विक्री किंवा वाहतूक आढळल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.