प्रतिकृती-मोटारींचे तपशील-रंगकाम
हाताने जोडलेल्या छोट्या मोटारींवर मुख्य रंग वाळल्यानंतर केले जाणारे बारीक काम. १:४३ हे या छंदातले रूढ प्रमाण ब्रिटिश ‘ओ’ गेज प्रतिकृती-रेल्वेच्या मापावरून (एका फुटाला ७ मिमी) आले. या प्रमाणात खऱ्या गाडीवरची १० मिमी रुंद क्रोमपट्टी जेमतेम ०.२३ मिमी उरते. ती रंगवण्यापेक्षा धातूचा पातळ, चिकट वर्ख दाबून बसवावा आणि कडा धारदार पात्याने कापाव्यात. चंदेरी रंग त्यापुढे फिकाच पडतो.

दारांच्या फटींत खूप पातळ केलेला गडद एनॅमल रंग टेकवतात. केशाकर्षणाने तो खाचेतून आपोआप पसरतो. खालचा थर पक्का वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकचा असेल, तर बाहेर आलेला एनॅमल व्हाइट स्पिरिटने पुसता येतो. पांढऱ्या गाडीला काळ्याकुट्ट फटी ही नवशिक्याची हमखास खूण. तिथे करडाच हवा. डॅशबोर्डवरचे उंचवटे जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उजळतात. बाकी बारीक कामासाठी कुंचला शक्यतो कोलिन्स्की केसांचा, म्हणजे सायबेरियातील विझल या प्राण्याच्या शेपटीचा. तो अतिबारीक असण्यापेक्षा अणकुचीदार असणे महत्त्वाचे, कारण मोजक्या केसांच्या कुंचल्यातला रंग गाडीला टेकण्याआधीच वाळू लागतो.