कांचनजंगा ते ऊर्जानगर : उत्तुंग इमारतींच्या विजेचा हिशेब

१/ मुंबईच्या उंच इमारतींचा इतिहास आपण मजल्यांत मोजतो. तो विजेच्या युनिटांत मोजू लागलो की वाट थेट चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात येते. आजचा थ्रेड त्या वाटेविषयी.

२/ साल १९८३. मुंबईच्या कंबाला हिलवर चार्ल्स कोरिया यांची २८ मजली ‘कांचनजंगा’ पूर्ण झाली. तेथे समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो; परंतु तिसऱ्या प्रहराचे ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचा उपाय शोधला होता. कोरियांनी तोच व्हरांडा दुप्पट उंचीच्या सज्ज्यांच्या रूपाने वरच्या मजल्यांवर नेला.

३/ त्याच वर्षी चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचा २१० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. कोळसा जवळच्या खाणींतला, पाणी इरई धरणाचे आणि उत्तरेस ताडोबाचे अरण्य.

४/ १९९१ च्या उदारीकरणानंतर कार्यालयांच्या इमारतींनी काचेचे आवरण पांघरले. बंद काचेतून ऊन आत येते, वारा येत नाही. सज्ज्याचे काम वातानुकूलन यंत्राकडे गेले.

५/ १९९९ मध्ये चंद्रपूर ते भिवंडीजवळील पडघा ही ७५२ किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी कार्यान्वित झाली. क्षमता १५०० मेगावॅट. मुंबई शहराला टाटांची वीज पूर्वीपासून होती. भोवती विस्तारणाऱ्या नगरांची भूक भागवण्यास विदर्भाची वीज पश्चिमेकडे निघाली.

६/ २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला आणि २००७ मध्ये इमारतींसाठी संहिता आली. भिंत, काच व छप्पर यांतून किती उष्णता आत यावी, याचे निकष ठरले. इमारतीची कामगिरी आता दर चौरस मीटरमागे वर्षाला लागणाऱ्या युनिटांत मोजली जाते.

७/ हे मोजमाप इमारतीच्या मीटरपाशी थांबते. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. खाणी, वीज केंद्र आणि सिमेंट कारखाने यांचा भार वाहणारे हे शहर मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे तापते. त्या उष्म्याचा व राखेचा रकाना मुंबईच्या हिशेबात नाही.

८/ १९८३ चा तो संच आता निवृत्त झाला आहे. केंद्र मात्र वाढून २९२० मेगावॅटचे झाले. कांचनजंगाचे सज्जे अजून जागेवर आहेत. पुढच्या वेळी एखाद्या मनोऱ्यावर ‘हरित इमारत’ अशी पाटी दिसली, तर दोन गोष्टी अवश्य पाहा : सावली कोठे आहे, आणि वीज कोठून येते.