गिझर नीट तापत नाही, नळाला झिणझिण्या येतात? आधी हे तपासा

देहू : थंडी पडली की इंद्रायणीकाठच्या गावांत भल्या पहाटे गिझर सुरू होतात. तळवडे, चाकणला पहिल्या पाळीला जाणारे कामगार, शाळेची पोरं, सगळ्यांनाच गरम पाणी लागतं. पण वर्षानुवर्षं गिझर कोणी उघडून बघत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर कॉईलवर क्षारांचा पांढरा थर बसतो. मग पाणी उशिरा तापतं, बिल वाढतं आणि शेवटी कॉईल जळते.

जोडणी कशी हवी

2000 वॅटचा गिझर साधारण 9 अँपिअर करंट ओढतो, 3000 वॅटचा 13 अँपिअर. म्हणून 6 अँपिअरच्या साध्या बोर्डावर तो लावू नका, वायर वितळते. 16 अँपिअरचं सॉकेट, तीन पिनांचा प्लग आणि वेगळा एमसीबी पाहिजे. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसाला वाचवायला चांगलं अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो. भाड्याच्या खोल्यांत बऱ्याचदा हेच नसतं. खोली घेताना मालकाला आधी हे विचारा.

वर्षातून एकदा

1. मेन स्विच बंद करा, पाणी पूर्ण गार होऊ द्या.
2. गार पाण्याचा कॉक बंद करून टाकी रिकामी करा.
3. वायरमनकडून कॉईल काढून क्षार साफ करून घ्या.
4. टाकीत मॅग्नेशियमचा रॉड असतो. टाकीऐवजी तो झिजतो. फार बारीक झाला असेल तर बदला.
5. पुन्हा पाणी भरा. गरम नळातून सलग धार आल्यावरच बटण चालू करा. कोरडा चालला तर कॉईल लगेच जाते.

बिघाड ओळखा

- लाईट लागत नाही : एमसीबी, सॉकेट, प्लग बघा.
- लाईट आहे, पाणी गार : कॉईल किंवा थर्मोस्टॅट गेला.
- वाफ येते, पाणी उकळतं : थर्मोस्टॅट अडकला. लगेच बंद करा.
- एमसीबी सारखा पडतो : कॉईल शॉर्ट असू शकते. पुन्हा पुन्हा वर करू नका.
- धार बारीक : जाळी किंवा शॉवर क्षारांनी तुंबला.
- व्हॉल्व्ह थेंब-थेंब गळतो : तापताना थोडं गळणं ठीक. सारखं गळत असेल तर व्हॉल्व्ह बदला. त्याला बूच मारू नका, टाकी फुटू शकते.
- नळाला झिणझिण्या : नळाला हात न लावता मेन स्विच बंद करा. दुरुस्ती होईपर्यंत गिझर वापरू नका.

बिल वाचवायचं तर

2000 वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट पडतं. थर्मोस्टॅट 50 ते 55 अंशांवर ठेवा. बादली भरा, बटण बंद करा, मग अंघोळीला बसा. यात पैसेही वाचतात आणि शॉकचा धोकाही टळतो.

मीटरच्या पुढची घरातली वायरिंग ही आपली जबाबदारी, ती परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. खांबावरून किंवा सर्व्हिस वायरमधून बिघाड वाटला तर महावितरणच्या 1912 या क्रमांकावर कळवा. कोणाला शॉक लागलाच तर आधी मेन स्विच पाडा, मगच माणसाला हात लावा आणि 108 ला फोन करा.