ऐपत, हप्ता आणि घर

रौप्यमहोत्सव म्हटला की "तुम्ही फ्लॅट केवढ्याला घेतलात?" ही चर्चा निघणारच. पण "केवढ्याचा परवडेल हे ठरवलंत कसं?" असं फारसं कोणी विचारत नाही. खरं तर त्यालाही मोठा इतिहास आहे.

1915 साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. रावबहादूर तालमकी हे तिचे प्रणेते. सहकारी घरांची वाट तिथून सुरू झाली, तरी बहुतेक मध्यमवर्ग पुढे कित्येक वर्षं भाड्यानेच राहिला. स्वतःचं घर ही निवृत्तीच्या आसपासची गोष्ट होती. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, गाठीची शिल्लक, वेळ पडली तर घरातलं सोनं, एवढं मिळून जमेल तेवढंच घर. ऐपत म्हणजे हातातली पुंजी!

1977 मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी स्थापन केली आणि हळूहळू हिशोब उलटा झाला. साठवलंत किती, यापेक्षा दरमहा कमावता किती, हे महत्त्वाचं ठरलं. तिशी-पस्तिशीतल्या नोकरदाराला घर दिसू लागलं. हा बदल मोठाच होता. 1988 मध्ये नॅशनल हाउसिंग बँक आली, पुढे व्यापारी बँकाही जोरात उतरल्या.

आता थोडं गणित पाहू. समजा, महिना 8,000 रुपये हप्ता झेपतो. 15 टक्के व्याज आणि 15 वर्षं मुदत असेल, तर सुमारे 5 लाख 70 हजार कर्ज बसतं. व्याज 8 टक्के आणि मुदत 20 वर्षं झाली, की त्याच हप्त्यात साडेनऊ लाखांवर बसतं. पगार तोच, हप्ता तोच, पण घर महागडं! मात्र एकूण परतफेड 14 लाख 40 हजारांवरून 19 लाख 20 हजारांवर जाते. शिवाय दर बदलता असला आणि तो वाढला, की पुष्कळदा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली जाते, आणि कर्ज निवृत्तीच्या दारात येऊन उभं राहतं.

म्हणजे बँक सांगते ती कर्जाची पात्रता. ऐपत घरानेच ठरवायची. आईची औषधं, मुलांच्या फिया, सोसायटीचा मेंटेनन्स, एकाची नोकरी सुटली तर काय, हे सगळं पगाराच्या स्लिपवर थोडंच दिसतं? स्टॅम्प ड्युटी, नोंदणी आणि स्वतःचा वाटा यांचीही सोय आधीच लागते.

आपली मुलं आता घरं बघताहेत. त्यांना एक सांगावंसं वाटतं. आधी सहा महिने होणारा हप्ता आणि सध्याचं भाडं यांतला फरक दरमहा बाजूला टाकून बघा. घर नीट चाललं, तर ते घर तुमचं. ओढाताण झाली, तर एक खोली कमी घ्या. जुन्या लोकांची अंथरूण पाहून पाय पसरायची रीत हप्त्यांच्या काळातही मोडीत निघालेली नाही.